भाड्याच्या गाडीने दिलेला धडा

आम्ही हायब्रिड गाडीत पहिल्यांदा चालवायला बसलो तेव्हा ती आम्हाला सुरूच करता आली नाही. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले, आवाज नाही. पुन्हा दाबले, तरी आवाज नाही. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा गाडी ताब्यात देणारा मुलगा खिडकीशी येऊन हसत म्हणाला, "सर, गाडी तो कब से चालू है, आप ही बार-बार बंद कर रहे हो." मागे बसलेली आमची सातवीतली कन्या इतकी हसली की आजींनाही हसू आवरले नाही. समोरच्या फलकावर हिरव्या अक्षरांत 'रेडी' असे लिहून आले होते. आमचे कान इंजिनाच्या घरघरीची वाट पाहत होते आणि डोळ्यांनी ते हिरवे अक्षर वाचलेच नव्हते.

हा लेख आम्ही दोघांनी, म्हणजे एका विद्यार्थिनीच्या आईवडिलांनी, मिळून लिहिला आहे. गाडीही आम्ही आळीपाळीनेच चालवली. आमच्यापैकी एकजण याच शाळेचा जुना विद्यार्थी. गाड्यांचे तज्ज्ञ आम्ही मुळीच नाही. पण त्या दोन दिवसांत जे दिसले, ते शेवटी आपल्या शाळेच्या फाटकापर्यंत येऊन पोहोचले, म्हणून ते या पानावर मांडावेसे वाटले.

झाले असे की, २०२५ हे अहिल्याबाईंच्या जन्माचे तीनशेवे वर्ष. त्या वर्षी एकदा तरी महेश्वरला जाऊन यायचे, असा आजींचा हट्ट होता. दिवाळीच्या सुट्टीत बेत ठरला आणि नेमकी आमची बारा वर्षांची पेट्रोल गाडी क्लचच्या कामासाठी गॅरेजमध्ये जाऊन पडली. म्हणून दोन दिवसांसाठी स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, मधल्या आकाराची, दीड लिटर इंजिनाची. ती हायब्रिड आहे हे आम्हाला ताब्यात घेतानाच कळले.

कन्येचा पहिला प्रश्न होता, "याचा प्लग कुठे आहे?" प्लग नव्हताच. विद्यार्थी मित्रांनो, इथे पुष्कळांची गल्लत होते, आमचीही झाली होती. विजेची गाडी घरच्या किंवा रस्त्यावरच्या चार्जरला लावावी लागते. काही हायब्रिड गाड्यांनाही तशी सोय असते. पण आमच्या गाडीसारख्या साध्या हायब्रिडमध्ये टाकीत पेट्रोलच भरायचे. बॅटरी आणि विजेची मोटर आत असते, पण त्या बॅटरीत येणारी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. मग फायदा काय? फायदा एवढाच, की साध्या गाडीत जी ऊर्जा आपण रस्त्यावर फेकून देतो, तिच्यातला काही भाग ही गाडी वेचून ठेवते आणि पुढे वापरते.

ही कल्पना नवी नाही. इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत जोडण्याचा प्रयोग फर्डिनांड पोर्शे यांनी १९००च्या सुमारासच करून पाहिला होता. पुढे टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७च्या डिसेंबरात बाजारात आली आणि ही गाडी सामान्य माणसाच्या दारात पोहोचली. आपल्याकडे होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणि टोयोटाने २०१० मध्ये प्रियस आणली, पण परदेशातून आयात केलेल्या त्या गाड्या फार महाग पडत. हायब्रिड गाड्या इथेच तयार होऊन मध्यमवर्गाच्या जरा जवळ आल्या त्या २०२२ पासून.

आता आमचा अनुभव. सकाळी पोहे-जलेबी करून निघालो तेव्हा राजवाड्याकडे गर्दी सुरू झाली होती. मुंगीच्या पावलाने पुढे सरकायचे, थांबायचे, पुन्हा सरकायचे. आमच्या जुन्या गाडीत अशा वेळी डावा पाय क्लचवर आणि जीव मुठीत असतो. या गाडीत क्लच नाही, आणि गर्दीत बहुतेक वेळ इंजिनही नाही. गाडी बॅटरीवरच सरकत होती. सिग्नलला थांबलो की पूर्ण शांतता. पहिल्या दोन सिग्नलांना वाटले, गाडी बंद पडली. तिसऱ्या सिग्नलला लक्षात आले की आजूबाजूच्या सगळ्या गाड्या थरथरत उभ्या आहेत आणि आपलीच तेवढी स्वस्थ उभी आहे. शेजारच्या टेम्पोचा धूर मात्र त्या शांततेत अधिकच जाणवला.

एक गोष्ट मात्र या शांततेच्या विरुद्धही सांगायला हवी. एका गल्लीत एक आजोबा रस्त्याच्या मधोमध चालले होते. आम्ही त्यांच्या मागे पाच हातांवर होतो, तरी त्यांना पत्ता नव्हता. हॉर्न वाजवला तेव्हा ते दचकले आणि आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. गाडी अगदी हळू चालताना ऐकू येत नाही, हा अंध व्यक्तींना, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना खरा धोका आहे. म्हणूनच युरोपात २०२१ पासून विक्रीला येणाऱ्या प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीला हळू चालताना मुद्दाम आवाज करणे सक्तीचे झाले. आपल्या फाटकाशी अशा गाड्या वाढतील तेव्हा हे आपल्यालाही लक्षात ठेवावे लागेल. मुलांनो, कानावर विसंबून रस्ता ओलांडू नका, मान वळवून बघा.

राऊ मागे पडले आणि आग्रा-मुंबई रस्ता मोकळा मिळाला. इथे गाडी साध्या गाडीसारखीच वागू लागली. वेग वाढला की इंजिन आपोआप सुरू होई, पाय उचलला की गप्प होई. समोरच्या पडद्यावर इंजिन, बॅटरी आणि चाके यांची चित्रे आणि त्यांच्यामधून धावणारे बाण. कन्येने सारी वाट त्या बाणांचे धावते वर्णन ऐकवले. "आता इंजिनातून चाकाकडे. आता बॅटरीतून चाकाकडे. बाबा, आता उलटा, चाकातून बॅटरीकडे!"

तो उलटा बाण आला मानपूर सोडल्यावर. माळव्याचे पठार संपून रस्ता विंध्याच्या उतारावरून निमाडात उतरतो, हे आपल्यापैकी प्रत्येक घराला ठाऊक आहे. उतारावर ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा जळकट वास येत होता. तो वास म्हणजेच वाया जाणारी ऊर्जा. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीच्या गतीची उष्णता होते आणि ती हवेत जाते. हायब्रिडमध्ये ब्रेक हलका दाबला की मोटर उलटे काम करते. चाके तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि त्या ओढीनेच गाडी मंद होते. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात.

नववी-दहावीच्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, महेश्वर सुमारे दीडशे. म्हणजे चारशे मीटरचा उतार. गाडी आणि आम्ही चौघे मिळून १५०० किलो धरू. १५०० गुणिले ९.८ गुणिले ४०० म्हणजे ५८,८०,००० ज्यूल. एका युनिट विजेत ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे नुसते इंदूरहून महेश्वरला उतरण्यात सुमारे १.६ युनिट ऊर्जा हाती येते. त्यातली बरीच हवा आणि टायरचे घर्षण खाऊन टाकते, हे खरे. आणि आमच्या गाडीच्या बॅटरीत एक युनिटही मावत नाही, हेही खरे. घाटात मध्येच बॅटरी भरली आणि एकाएकी इंजिन मोठ्याने गुरगुरू लागले. आमची घाबरगुंडी उडाली. नंतर पुस्तिकेत वाचले की बॅटरी भरली म्हणजे गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसते फिरवते आणि त्याच्या ओढीने वेग आवरते. ट्रकचालक उतारावर खालचा गिअर टाकतात, तसाच हा प्रकार.

महेश्वरला घाटाच्या पायऱ्यांवर बसून हे सगळे आजींना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा डाळीचा डबा." आमच्या लक्षात येईना. त्या म्हणाल्या, "भाजीला दिलेल्या पैशातून उरलेली चिल्लर मी डाळीच्या डब्यात टाकत असे. त्या चिल्लरीने कुणी श्रीमंत होत नाही. पण तुझ्या नवऱ्याच्या बारावीची फी त्यातूनच गेली." एवढ्या थोड्या शब्दांत हायब्रिड गाडी आम्हाला कोणत्याही माहितीपत्रकाने समजावली नसती.

परतीचा प्रवास चढाचा. चढावर डाळीचा डबा लवकर रिकामा झाला आणि इंजिन जोर लावून ओढत राहिले. निघताना ज्या पंपावर टाकी काठोकाठ भरली होती, त्याच पंपावर येऊन पुन्हा भरली. १९६ किलोमीटरला ८.९ लिटर लागले. म्हणजे लिटरला २२ किलोमीटर. कागदावर लिहिलेला आकडा याहून बराच मोठा होता, तेव्हा त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पण आमची जुनी गाडी याच रस्त्यावर एसी लावून १४च्या वर जात नाही, हेही सांगितले पाहिजे.

मग सर्वांनी हायब्रिड गाड्या घ्याव्यात काय? तसे आमचे म्हणणे नाही. आम्हीही घेतलेली नाही. साध्या गाडीपेक्षा ती काही लाखांनी महाग पडते. विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे, तर मोठ्या हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. ज्यांचे जाणे-येणे रोज दहा-बारा किलोमीटरच आहे, त्यांना वाचलेल्या पेट्रोलमधून ही जास्तीची किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे लागतील. मोकळ्या हमरस्त्यावर तर तिचा फायदाही कमी. ती खरी कामाला येते गावात, जिथे दर पाचशे पावलांवर थांबावे लागते. कारण तिचा सारा हिशेब थांबण्याचा आहे. थांबलो की जाळायचे नाही, आणि थांबता थांबता मिळेल ते वेचायचे.

यातली दुसरी गोष्ट महागडी यंत्रे करू शकतात. पहिली गोष्ट कोणीही करू शकतो. तीही फुकट.

आता फाटकाकडे येतो. सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या सोमवारी आम्ही आमची जुनी गाडी घेऊन कन्येला न्यायला आलो. रोजच्यासारखे भिंतीलगत उभे राहिलो, काचा वर, एसी सुरू, इंजिन सुरू. कन्या आली, दप्तर मागे टाकले आणि म्हणाली, "बाबा, गाडी थांबली आहे ना? मग इंजिन का चालू?"

आम्ही निरुत्तर झालो. गेली आठ वर्षे आम्ही त्या भिंतीलगत रोज इंजिन चालू ठेवून उभे आहोत. कोणी कधी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी आम्ही मुद्दाम लवकर येऊन मोजदाद केली. फाटकाबाहेर चौतीस चारचाकी होत्या. त्यांतल्या एकोणीस गाड्यांची इंजिने चालू होती, आणि त्या सरासरी बारा मिनिटे तशाच उभ्या होत्या. म्हणजे पावणेचार तासांहून थोडे अधिक. उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. तेव्हा एका दुपारी दोन ते चार लिटर, आणि शाळेचे दोनशे दिवस धरले तर चारशे ते आठशे लिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. म्हणजे आपण पालक मिळून दर वर्षी चाळीस ते ऐंशी हजार रुपये, कुठेही न जाता, आपल्याच शाळेच्या भिंतीवर फुंकत आहोत.

पण पैसा गेला तर गेला. खरी गोष्ट वेगळी आहे. धुराची नळी ज्या उंचीवर असते, त्याच्या जवळपास बालवर्गातल्या मुलाचे नाक असते. मुले अंगाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा अधिक हवा आत घेतात. आपण आपल्या मुलाला काचा लावून गारव्यात घेतो, आणि शेजारच्या मुलाला आपला धूर देतो. त्याचे पालक तेच आपल्या मुलाला देतात. आणि आपले चौकीदार काका तर सर्वांचा धूर घेतात. सर्व गाड्या निघून जाईपर्यंत त्यांना फाटक सोडता येत नाही. आम्ही त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच विचारले. ते म्हणाले, "थंडीत जास्त त्रास होतो. घशाशी येते. पण सांगणार कुणाला? सगळे आपलेच." हे 'सगळे आपलेच' आम्हाला फार लागले.

यावर पालक काय म्हणतील ते ठाऊक आहे, कारण ते आम्हीच म्हणत आलो आहोत. पहिले म्हणणे, पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागते. ते कार्ब्युरेटरच्या काळातले बोलणे आता सोडून द्यावे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा, की दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करणेच फायद्याचे. आपण दहा सेकंद नव्हे, बारा मिनिटे थांबतो. दुसरे म्हणणे उन्हाचे. हे मात्र खरे आहे. एप्रिलात पारा चाळिशी गाठतो तेव्हा इंजिन बंद करून लोखंडाच्या पेटीत बसा, असे सांगणे सोपे आणि करणे अवघड. हायब्रिड गाडीत एसी बॅटरीवर काही वेळ तरी चालतो, साध्या गाडीत इंजिनाबरोबर तोही बंद होतो.

म्हणून आम्ही एकट्या पालकांना उपदेश करत नाही. फाटकाबाहेर पूर्वी दोन कडुनिंब होते. भिंत मागे-पुढे करताना ते गेले. आमच्या लहानपणी न्यायला येणारी आई-आजी त्या सावलीत बसत, गप्पा मारत, आणि घंटा झाली की उठत. तेव्हा बहुतेक मुले पायी किंवा सायकलने येत, ते दिवस परत आणा असेही आम्ही म्हणत नाही. पण सावली परत आणता येईल. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की या उन्हाळ्याआधी फाटकाच्या आत, मैदानाच्या कडेला, एक साधी पत्र्याची शेड आणि चार बाके करावीत, आणि पावसाळ्यात दोन झाडे पुन्हा लावावीत. पालकांना उतरून बसायला जागा मिळाली तर इंजिन चालू ठेवायचे कारणच उरणार नाही. शेडला फार खर्च नाही. वर दिलेला पेट्रोलचा हिशेब पाहिला तर पालकच तो एका वर्षात उभा करू शकतील, आणि आमचा वाटा आम्ही आधी देऊ.

दुसरी विनंती बसची. जुनी बस बदलण्याचा विषय मागच्या पालकसभेत निघाला होता. बसचा रस्ता जेमतेम बारा किलोमीटरचा, आणि जवळजवळ प्रत्येक चौकात थांबा. वर सांगितलेला थांबण्याचा हिशेब सर्वांत अधिक लागू होतो तो अशाच गाडीला. विजेच्या बसलाही तो लागू आहे, कारण तीही थांबताना ऊर्जा वेचते. पण नुसत्या चर्चेने किंवा माहितीपत्रके पाहून निर्णय होऊ नये. आधी सध्याच्या बसची वही ठेवावी. रोज किती किलोमीटर, किती डिझेल, किती मिनिटे उभी. ही वही नववीच्या मुलांकडे द्यावी. त्यांना विज्ञान आणि गणित दोन्ही शिकायला मिळेल, आणि मंडळाला खरे आकडे मिळतील. मग डिझेल, सीएनजी की वीज, हे दहा वर्षांचा पूर्ण खर्च मांडून ठरवावे.

आणि पालकहो, तुम्हाला एकच सांगणे. शेड होईपर्यंत थांबू नका. सकाळी सोडायला येता तेव्हा ऊन नसते. दिवाळी ते होळी दुपारीही नसते. निदान तेवढे दिवस तरी फाटकाशी आल्यावर किल्ली फिरवा. आमच्या घरी आता हे काम कन्येकडे आहे. गाडी थांबली की ती नुसती आमच्याकडे पाहते, आणि आमचा हात किल्लीकडे जातो.

भाड्याची गाडी आम्ही दोन दिवसांनी परत केली. ती पुन्हा घेऊ की नाही, माहीत नाही. पण थांबल्यावर गप्प कसे राहावे, हे ती शिकवून गेली. चौकीदार काकांना या थंडीत एकदा तरी मोकळा श्वास मिळाला, तर ते भाडे वसूल झाले असे आम्ही समजू.